मागणाऱ्याला माहीत हवं

सुचित्राताई भर दुपारी कधी येत नसत. शारजाहच्या अल मजाज भागात, त्याच टॉवरमध्ये त्या बाराव्या मजल्यावर राहायच्या आणि वैभवी सातव्या. पण दुपारी इशानी झोपते हे त्यांना पाठ होतं, आणि लेकराची झोपमोड कुणीही केलेली त्यांना खपत नसे. म्हणून त्या दिवशी बेल न वाजवता त्यांनी दारावर बोटाच्या पेरानं हलकेच टकटक केली, तेव्हाच वैभवीला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"झोपलीय का गं?"

"आत्ताच. या ना ताई."

सुचित्राताई सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या. पाणी दिलं ते हातात धरून बसल्या.

"ह्यांना काढलं," त्या म्हणाल्या.

दोन हजार नऊचा मार्च, मंदी ऐन भरात. त्या दिवसांत हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात रोज ऐकू यायचं. तरी सदानंद लिमयांच्या बाबतीत ते ऐकू येईल असं वैभवीला वाटलं नव्हतं. चौदा वर्षं एकाच कन्सल्टन्सीत घालवलेला माणूस. टॉवर कुठला, त्याला सिमेंट किती, उशीर किती, सगळं त्यांच्या डोक्यात.

"आणि ठेवलं कुणाला, माहितीय? त्या पटेलला. लेस्टरचा पटेल. ह्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याचे रिपोर्ट हे लिहून द्यायचे, सही तो करायचा, आणि पगार ह्यांच्या दुप्पट. का, तर पासपोर्ट ब्रिटिश. रंगानं आपल्यासारखाच गं, घरी ढोकळाच खातो. पण क्लायंटला म्हणे ब्रिटिश माणूस लागतो." सुचित्राताई हसायला गेल्या, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "माणसाचं काम बघायचं की त्याच्या पासपोर्टाचं कव्हर?"

वैभवीनं त्यांच्या हातातला ग्लास घेऊन खाली ठेवला.

मग सुचित्राताई मूळ गोष्टीवर आल्या. वेदांग बारावीला. गल्फमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी तिकडे भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत थोड्या जागा राखीव असतात, गल्फ कोटा म्हणतात त्याला. त्या जागेच्या भरवशावर दोन वर्षं त्यांनी सगळं आखलं होतं. वेदांग हुशार होता, पण पुण्याच्या सरकारी कॉलेजात ओपनमधून लागेल इतका नव्हता, हे त्याच्या आईला माहीत होतं. आणि मॅनेजमेंटची जागा घ्यायची तर चाळीस हजार दिरहम, म्हणजे साडेपाच लाख, तेही फक्त दारात उभं राहायला. गल्फ कोट्यासाठी एकच अट होती. ॲडमिशनच्या वेळी बाप इथे नोकरीत हवा. आणि सदानंदरावांचा व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा.

"उपेंद्रला विचारशील का गं? त्याची स्वतःची कंपनी आहे. पगाराचं काही नाही, नावाला दिला तरी चालेल. हे मन लावून काम करतील, तुला माहितीच आहे. फक्त ॲडमिशन होईपर्यंत व्हिसा राहू दे." त्यांनी वैभवीचा हात धरला. "हे स्वतः विचारणार नाहीत. त्यांना जमतच नाही ते."

आतून इशानीनं झोपेत कूस बदलल्याचा आवाज आला. दोघीही एकदम गप्प झाल्या, आणि ती पुन्हा झोपली असं वाटल्यावर दोघींनी एकदमच श्वास सोडला. चार वर्षांपूर्वी असंच होत होतं. बाळंतपणाला वैभवीची आई येऊ शकली नव्हती. कळा सुरू झाल्या तेव्हा उपेंद्र साइटवर होता, आणि शारजाहच्या त्या मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या ट्रॅफिकमधून तिला दवाखान्यात नेलं ते सदानंदरावांनी. पुढे सव्वा महिना सुचित्राताई रोज सकाळी खाली यायच्या, इशानीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या, तिच्या टाळूवर तेल जिरवायच्या आणि वैभवीला म्हणायच्या, तू झोप गं, मी आहे. परदेशात कुणी आपल्याला झोप म्हणणं ही काय चीज आहे, हे बाळंतिणीलाच कळतं.

"विचारते," वैभवी म्हणाली. आणि म्हणताक्षणी तिला उपेंद्रला विचारायची भीती वाटली.

त्याचं कारण ती दोन मार्कांची गोष्ट.

सदानंदराव ती दर भेटीत सांगायचे. संक्रांत असो, कुणाचा वाढदिवस असो, श्रीखंडाची वाटी हातात आली की गोष्ट सुरू. ऐंशी साली मेडिकलची त्यांची जागा दोन मार्कांनी हुकली. वडील पोस्टात कारकून, पण पोरगा डॉक्टर होणार म्हणून जुन्या बाजारातून शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक आधीच घेऊन ठेवलेलं. आणि वर्गातला एक मुलगा, बराच मागे असलेला, राखीव जागेतून लागला. पुढे ते पुस्तक वडिलांनी त्यालाच देऊन टाकलं. इथपर्यंत गोष्ट ऐकताना वैभवीलासुद्धा दर वेळी त्या वडिलांसाठी वाईट वाटायचं. त्यानंतर मात्र सदानंदराव शेजारी बसलेल्या उपेंद्रच्या मांडीवर थाप मारायचे: "आपल्या लोकांना तिकडे जागाच ठेवली नाही, उपेंद्र. म्हणून तर तू आणि मी इथे वाळूत."

उपेंद्र हसायचा.

आपल्या लोकांना. उपेंद्रचं आडनाव काळे. काळे म्हटलं की सदानंदरावांच्या ओळखीचे पन्नास काळे होते, सगळे पुण्याच्या पेठांतले. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, मूळ कुठले? उपेंद्र म्हणाला, नगर जिल्हा. "अच्छा, देशावरचे," असं सदानंदराव स्वतःच म्हणाले आणि विषय संपला. पारध्यांमध्येही काळे असतात, हे त्यांच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. उपेंद्र पालावर जन्मला, आश्रमशाळेत शिकला, सरकारी कॉलेजात राखीव जागेवर इंजिनिअर झाला. गावात कुठेही चोरी झाली की पोलीस आधी त्याच्या वडिलांना उचलून न्यायचे. यातलं काही या टॉवरमध्ये कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सुरुवातीला नुसतं राहून गेलं. मग इतकं राहून गेलं की सांगणं म्हणजे कबुलीजबाब झाला असता.

*

उपेंद्र रात्री आला तो थेट दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातून. तिथे त्याचं एसी दुरुस्तीचं छोटं ऑफिस होतं. नवी बांधकामं थांबली होती, पण एसी बंद पडायचे थांबले नव्हते, म्हणून त्याचं बरं चाललं होतं. जेवताना वैभवीनं सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत ऐकत राहिला.

"व्हिसा देतो ना," तो म्हणाला. "मला एक अनुभवी माणूस हवाच आहे. नाटकाची नोकरी नको, खरीच देतो. पटेलचं ऐकून मात्र हसू आलं."

"हसू कसलं? त्यांचं घर उठतंय."

"तसं नाही गं. वाईटही वाटलं. खरंच. पासपोर्ट बघून पगार ठरवतात हे काय मला माहीत नाही? मीही तेच करतो. माझ्याकडचा लेबनीज सेल्समन आणि केरळचा सेल्समन एकच काम करतात, पगार वेगळा. मार्केट आहे म्हणतो आणि सही करतो." त्यानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "पण एक अट आहे."

"कसली?"

"आधी त्यांना सांग आपण कोण ते. मग मागू दे."

वैभवीचा हात वाटीवरच थांबला. "आता? या वेळेला? अहो, माणूस अडचणीत आहे आणि तुम्ही त्याला..."

"मी सूड घेतोय असं वाटतं तुला?"

तिनं वाटी बाजूला सारली.

"आठ वर्षं मी ती गोष्ट ऐकतोय," उपेंद्र म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्यांचं दुःख खरं आहे, मला मान्य आहे. पण त्या गोष्टीत मी दर वेळी त्यांच्या बाजूला बसलेला असतो आणि दर वेळी तो पुस्तक घेऊन गेलेला पोरगाही मीच असतो. उद्या ते माझ्या ऑफिसात बसतील, माझ्या टेबलावर डबा खातील, आणि पहिल्याच आठवड्यात ती गोष्ट माझ्याकडच्या कामाच्या पोरांना सांगतील. तेव्हा मी काय करू? मालक म्हणून हसू? मला त्यांच्याकडून माफी नको, काही नको. फक्त मागणाऱ्याला माहीत हवं, कुणाकडे मागतोय."

"आणि कळल्यावर नाही मागितलं तर?"

"तर तो त्यांचा निर्णय. माझा नाही."

"त्यात वेदांगचं काय चुकलं?"

त्यानं ताट उचललं आणि आत गेला. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी खालिद लगूनच्या काठावर बाकावर बसल्या होत्या. समोर इशानी घसरगुंडीवरून पुन्हापुन्हा घसरत होती आणि दर वेळी "मम्मा, वॉच" म्हणून ओरडत होती. बाकावर दोघींच्या मधे सुचित्राताईंची पर्स आणि खारे दाणे होते.

वैभवीनं मनात बरीच वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"ताई, हे व्हिसा द्यायला तयार आहेत."

सुचित्राताईंनी डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या.

"पण त्याआधी तुम्हाला एक सांगायचंय. यांनीच सांगायला सांगितलंय. दोघांनाही. आम्ही काळे आहोत ना, ते तुम्हाला वाटतं तसे काळे नाही. आम्ही पारधी. फासेपारधी. हे राखीव जागेवर शिकले. मीही तशीच."

सुचित्राताई तिच्याकडे बघत राहिल्या. समजायला वेळ लागत होता असं नाही; चेहऱ्यावर कुठला भाव आणायचा ते ठरत नव्हतं.

"मग गेल्या वर्षी तुझ्याकडे त्या बाई होत्या..." त्या हळूच म्हणाल्या. "गोंदलेल्या. गुजराती बोलायच्या. कामाला ठेवलेल्या."

"नर्मदाबाई. सासूबाई माझ्या. आमची बोली गुजरातीसारखी वाटते ऐकायला."

"मी त्यांना साडी दिली होती, माझी जुनी."

"हो. अजून नेसतात. तुमची आठवण काढतात."

सुचित्राताईंनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले. "मी कामवाली म्हटलं तेव्हा तू काहीच बोलली नाहीस."

"नाही बोलले."

समोर इशानी घसरगुंडीच्या पायऱ्यांवर एका छोट्या मुलाला आधी जा म्हणत होती. सुचित्राताईंनी बाकावरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. पट्टा हाताभोवती गुंडाळला.

कदाचित त्या उठणारच असतील. कदाचित रुमाल हवा असेल. वैभवीनं स्वतःला हे दोनदा समजावलं. श्रीगोंद्याच्या शाळेत वर्गात कुणाचं पेन हरवलं की बाई आधी तिचं दप्तर पालथं करायच्या. पेन कधीच निघालं नाही, पण पुढल्या वेळी पुन्हा तिचंच दप्तर. इतक्या वर्षांनी, समुद्रापलीकडे, ज्या बाईनं आपल्या लेकीला पायांवर घेतलं तिच्या हातातल्या पर्सच्या पट्ट्याकडे आपण असं बघतोय, याचंच तिला रडू आलं. पट्ट्याचा अर्थ काय होता, ते तिला कळलं नाही आणि विचारता येण्यासारखं नव्हतं.

"वैभवी," सुचित्राताई शेवटी म्हणाल्या, "मला काही फरक पडत नाही गं. खरंच नाही. पण ह्यांना नको सांगूस."

"ताई, यांची अटच ती आहे."

"ह्यांना कळलं तर ते येणारच नाहीत. तू ओळखतेस त्यांना. उपाशी राहतील पण येणार नाहीत. आणि राग उपेंद्रवर नाही निघायचा, स्वतःवर निघेल. इतकी वर्षं त्याच्यासमोर काय काय बोललो म्हणून." त्या उठून उभ्या राहिल्या. "पोराची जागा जाईल. तू आई आहेस. तूच बघ काय करायचं ते."

त्या निघाल्या. जाताना त्यांनी इशानीच्या केसांवरून हात फिरवला, नेहमीसारखाच. की नेहमीपेक्षा जरा लवकर उचलला, हेही वैभवीला ठरवता आलं नाही.

*

"सांगितलंस?" उपेंद्रनं विचारलं.

"सांगितलं."

"दोघांना?"

इशानीला भरवता भरवता वैभवी म्हणाली, "हो."

इतकं सोपं होतं ते. घास भरवला, तोंड पुसलं आणि खोटं बोलून झालं. तिनं ते वेदांगसाठी केलं, यात शंका नव्हती. शाळेतून येताना लिफ्टमध्ये इशानीला "हाय, बॉस" म्हणणारा, तिची गणितं चुकीची सोडवून तिला हसवणारा लांबडा पोरगा. पण आणखीही कशासाठी केलं होतं, आणि ते तिला नीट बघायचं नव्हतं.

"काय म्हणाले?" उपेंद्रनं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की तिला मान वर करवेना.

"फरक पडत नाही म्हणाले."

त्या रात्री उपेंद्र खूप दिवसांनी गुणगुणत दाढी करत होता.

शुक्रवारी सकाळी सदानंदराव एकटेच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, जणू मुलाखतीला. सुचित्राताई वरच राहिल्या होत्या. वैभवीनं पोहे दिले आणि कोथिंबीर निवडायला बैठकीतच खाली बसली. दोघांना सोडून स्वयंपाकघरात जाण्याची तिची छाती झाली नाही.

"उपेंद्र, तुझे उपकार कसे फेडू," सदानंदराव म्हणाले. फाइल त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"सोडा हो. मलाच माणूस हवा होता." उपेंद्र पुढे सरकून बसला. "सदानंदराव, एक सांगतो. तुम्हाला कळलं, बरं झालं. मोठं ओझं होतं. आणि कळूनही तुम्ही आलात, हे मी विसरणार नाही."

"काय कळलं?"

कोथिंबिरीची काडी वैभवीच्या हातातच राहिली. उपेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण तेवढ्यात त्याला सगळं कळलं आणि ते कळल्याचं तिलाही कळलं. तो विषय बदलू शकला असता. मंदीचं बोलू शकला असता, उन्हाचं बोलू शकला असता. त्यानं तसं केलं नाही. शांतपणे सांगितलं. पाल, आश्रमशाळा, राखीव जागा, सगळं.

सदानंदराव आधी हसले. "काय राव, सकाळी सकाळी." मग हसू ओसरलं. चमचा बशीत ठेवला गेला.

"आणि मी जे बोलायचो ते?"

"ऐकायचो."

"ऐकायचास?" त्यांचा चेहरा लाल झाला. "आठ वर्षं? एकदा थांबवायचं नाहीस? अरे, मी काय राक्षस आहे का? मला सांगितलं असतंस तर मी तुझ्यासमोर..."

"माझ्यासमोर बोलला नसतात. दुसरीकडे बोलला असतात."

"म्हणजे मी बोलतोय आणि तू मनात मला मोजतोयस. मला गाढव केलंस तू, उपेंद्र. आपला माणूस म्हणून मी..."

"तोच शब्द मला अडवायचा. आपला. इतका बरा वाटायचा ऐकायला की घालवायचा धीर होत नव्हता."

सदानंदरावांनी बशी बाजूला सारली.

"माझे दोन मार्क खोटे नव्हते," सदानंदराव खालच्या आवाजात म्हणाले.

"नव्हते. माझ्या बापाच्या पाठीवरचे वळही खोटे नव्हते. पण तुमची जागा मी नाही घेतली हो. ऐंशी साली मी शाळेतसुद्धा गेलो नव्हतो."

"मला ते कळतं. तुला नाही म्हणत मी. पण माझ्या बापाचं काय चुकलं होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

"काहीच नाही," उपेंद्र म्हणाला. "त्यांचं काहीच चुकलं नव्हतं."

हे उत्तर सदानंदरावांना अपेक्षित नसावं. मग ते फाइलकडे बघत म्हणाले, "आणि वेदांगचं वेगळं आहे. आम्ही इथे घाम गाळला, परकीय चलन पाठवलं. त्याचा हक्क आहे तो. कुणी दान नाही देत."

"असेल वेगळं. मला त्याचा निवाडा करायचा नाही. तुम्हाला व्हिसा हवाय का, एवढंच विचारतो."

सदानंदराव उठले. दारापाशी बूट घालताना त्यांना नाडी बांधायला जमेना, तशीच सोडून ते निघाले. फाइल टीपॉयवर राहिली. पोहे निम्मे राहिले.

दार लागल्यावर उपेंद्र म्हणाला, "तू सांगितलं नव्हतंस."

"ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ह्यांना सांगू नको. वेदांगची जागा जाईल म्हणून मी..."

"वेदांगची जागा जाईल म्हणून? की त्या खाली यायच्या बंद होतील म्हणून?"

तिला खरं उत्तर द्यायचं होतं. "दोन्ही," ती म्हणाली. "आणि मला लाज वाटली म्हणून. तुमची नाही. कशाची ते माहीत नाही."

उपेंद्रनं टीपॉयवरची बशी उचलली. "जगापासून मी लपलो, ते माझं माझ्यापाशी. पण तू माझ्यापासून माझीच गोष्ट लपवलीस, वैभवी." तो रागानं बोलला असता तर तिला सोसलं असतं.

दोन दिवस वरून कुणी आलं नाही. लिफ्टचं दार उघडलं की वैभवी दाराकडे बघायची. तिसऱ्या दिवशी उपेंद्रच्या मोबाइलवर सदानंदरावांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "व्हिसाच्या मेडिकल टेस्टला कुठे जायचं?" एवढंच त्यांनी विचारलं. उपेंद्रनं पत्ता सांगितला आणि म्हणाला, "फाइल इथेच आहे, घेऊन येतो."

*

सदानंदराव कामाला लागले. काम चोख करत. डबा स्वतःच्या टेबलावर खात, गोष्टी सांगत नसत. वेदांगला पुण्यात जागा मिळाली. पेढे आले ते वॉचमनच्या हाती. सुचित्राताई लिफ्टमध्ये भेटल्या तर "कशी आहेस? इशानी बरी?" म्हणत आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहत. वैभवीनं एकदा खाली येण्याचा आग्रह केला. "येईन गं, इन्शाल्ला," असं त्या म्हणाल्या. इथे न येणारे सगळे असंच म्हणतात.

गणपतीनंतर मराठी मंडळाचा कार्यक्रम दुबईतल्या अल कुसैसच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मंदीमुळे मोठं सभागृह परवडलं नव्हतं, त्यामुळे खुर्च्या कमी आणि माणसं फार. वैभवीनं इशानीला एका खुर्चीवर बसवलं आणि पलीकडच्या खुर्चीवर ओढणी टाकून ठेवली. उपेंद्र साइटवरून थेट येणार होता. पुढच्याच रांगेत सुचित्राताई बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, किंचित हसल्या.

"वेदांगचं झालं ना मग? मेरिटवर?" एकीनं विचारलं.

"गल्फ कोट्यातून," सुचित्राताई म्हणाल्या. पटकन, स्पष्ट म्हणाल्या. मान वळवली नाही, पण ते मागे ऐकू जावं असंच बोलल्या, असं वैभवीला वाटलं.

"असू दे गं. तो आपल्या हक्काचा कोटा. तिकडच्या त्या दुसऱ्या कोट्यांसारखा थोडाच आहे."

"हो ना. त्यांनी तर नुसती वाट लावलीय."

सुचित्राताईंच्या मानेची शीर ताठ दिसत होती.

सवयीनं वैभवी गप्पच बसली असती. पण उपेंद्रचा तो न चिडलेला आवाज गेले कित्येक महिने तिच्या घरात फिरत होता. ती पुढे वाकली. "वेगळा कसा, वहिनी?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. "आम्ही नवराबायको दोघंही त्या दुसऱ्या कोट्यातून शिकलोय. आम्ही पारधी आहोत. म्हणून विचारते."

बायकांपैकी कुणी हातातली पत्रिका उघडली, कुणी स्टेजकडे पाहिलं. "अगं, आम्ही तसं नव्हतो म्हणत," एकजण म्हणाली.

"मम्मा, व्हॉट इज कोटा?" इशानीनं खणखणीत आवाजात विचारलं.

सगळ्या ऐकत होत्या. वैभवी लेकीकडे वळली आणि तिच्यापुरतंच सांगितल्यासारखं सांगू लागली. "काही माणसांना ना बाळा, खूप वर्षं दारातूनच परत पाठवलं होतं. आत येऊच दिलं नाही. म्हणून त्यांच्यासाठी आत थोडी जागा धरून ठेवायची."

"लाइक यू केप्ट फॉर पापा?"

"हो. तशीच."

इशानीनं ओढणी टाकलेल्या खुर्चीकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे बोट केलं. तिथे सदानंदराव उभे होते, पाठ भिंतीला टेकून, कधीपासून कोण जाणे. "बट सदा अंकल इज स्टँडिंग."

इतकी वर्षं वैभवीनं उपेंद्रची बाजू ऐकली होती, सदानंदरावांची ऐकली होती, आणि दोन्हींमध्ये तिला खोटं काही सापडलं नव्हतं. "पापा येतीलच आता," ती एवढंच म्हणाली.

"बसू दे, बसू दे," सदानंदराव भिंतीपाशी उभ्या उभ्याच म्हणाले. "उपेंद्र दिवसभर गच्चीवर होता उन्हात. मी आहे बरा."

स्टेजवर कुणीतरी माइक ठोकून पाहिला. दिवे मंद व्हायला लागले. तेवढ्यात सुचित्राताई खुर्चीत पूर्ण मागे वळल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"इशानी, माझ्या मांडीवर ये. अंकलना तुझी खुर्ची दे."

त्यांचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही. हात मात्र तसेच पुढे धरलेले होते. इशानी उठून उभी राहिली आणि विचारल्यासारखं आईकडे बघू लागली. तेव्हा वैभवीच्या लक्षात आलं की लेकीच्या फ्रॉकचा घोळ आपण मुठीत घट्ट धरून ठेवलाय.